अर्धवट राहिलेली घाटाची शर्यत

दादा,

तुम्ही न पाहिलेली तुमची नात आता आठ वर्षांची झाली. गेल्या आठवड्यात वाढदिवसाला तिच्या बाबांनी तिला हातात धरून खेळायचं एक यंत्र आणलं. त्यात बुटक्या बुटक्या गाड्यांची शर्यत लागते. परवा तिने हट्टाने मला शेजारी बसवलं आणि मी तिला सरळ सरळ हरवलं. मला वाटलं, आता रडारड होणार, निदान गाल तरी फुगणार. ती खो खो हसली, "आई, तू तर भारीच खेळतेस," म्हणाली आणि चिवड्याचा डबा शोधायला स्वयंपाकघरात निघून गेली. झालं. हरणं म्हणजे एवढंच असतं, हे मला माझ्या लेकीकडून शिकावं लागलं. चौदाव्या वर्षी मला हे जमलं नव्हतं. त्या वर्षी एका रविवारी तुम्ही पहिले येत होतात आणि मी ते होऊ दिलं नाही. हे मी आजवर कुणाकडेही बोललेले नाही. तुम्हाला जाऊन बारा वर्षं झाली, तेव्हा आता सांगायचं तर असं कागदावरच.

सगळे तुम्हाला दादा म्हणायचे, काका, आत्या, जीपचे बाकीचे ड्रायव्हर, म्हणून मीही दादाच म्हणत आले. शाळेत कुणी "तुझे बाबा काय करतात" असं विचारलं की मला क्षणभर ते दुसऱ्याच कुणाबद्दल विचारताहेत असं वाटायचं. माझे दादा कशेळे ते कर्जत जीप चालवायचे. शनिवार-रविवारी कशेळ्याच्या पुढच्या एका फार्महाऊसवर मुंबईचं एक कुटुंब यायचं, त्यांना रविवारी संध्याकाळी कर्जत स्टेशनला सोडायचं काम तुमच्याकडे होतं. त्यातल्या बाईंनी त्यांच्या मुलाचा जुना झालेला खेळ तुमच्या हातात ठेवला, त्याला नवा मिळाला होता. तुम्ही तो काच पुसायच्या पिवळ्या फडक्यात गुंडाळून आणलात आणि दारातूनच म्हणालात, "बघ गं, चालतो का. बॅटरी गेलेली हाय म्हनाली ती बाई. वायर लावली तरच चालंल." वायर होती जेमतेम हातभर. आपल्या घरात बटणांचा बोर्ड एकच, दाराच्या मागे, खाली बसलं की खांद्याला लागेल एवढ्या उंचीवर. त्यामुळे खेळायचं तर दाराला टेकून, पाय उंबऱ्याकडे पसरूनच बसावं लागायचं, आणि आत-बाहेर करणारा प्रत्येक माणूस आपले पाय ओलांडून जायचा. त्यात लोडशेडिंग. लाइट कधी जाणार आणि कधी येणार त्याच्या वेळा आईने कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहून ठेवल्या होत्या, आणि माझा अभ्यास, आईचं दळण, पाण्याची मोटर सगळं त्या पेन्सिलीच्या हुकमाने चालायचं.

तुम्ही पहिल्यांदा तो खेळ हातात घेतलात त्या संध्याकाळची गोष्ट मी ऑफिसात अनेकदा सांगून लोकांना हसवलं आहे. शर्यतीत आठ गाड्या आणि चालवणारे सगळे प्राणी. मी नेहमी चित्ता घ्यायची. तुम्ही बराच विचार करून अस्वल घेतलंत. "ह्यो आपल्या वजनाचा वाटतो." शर्यत सुटते, बाकीच्या सात गाड्या धूळ उडवत निघून जातात आणि तुम्ही मला विचारताय, "हॉर्न कुठला गं यात?" हॉर्न नाही म्हटल्यावर तुमचा चेहरा गंभीर होतो. "हॉर्न नाय तं वळनावर करायचं काय?" तुम्ही डावी बाजू सोडत नाही. मागच्याला घसरवण्यासाठी रस्त्यावर तेल सांडायचं एक बटण असतं, ते दाखवलं तर म्हणता, "रस्त्यावर ऑईल? मागनं कोन टू-व्हीलरवाला आला तं मरंल की तो." पुढे एका कुंपणापाशी बघे उभे असतात, चित्रातलेच, सारखे हात हलवत असतात. तुम्ही गाडी हळूहळू करत नेमकी त्यांच्यापाशी आणून उभी केलीत.

"दादा, थांबलात कशाला?"

"हात करतायत ना ती."

मी पोट धरधरून हसले. तुम्हीही हसलात, पण अंगठा बटणावरून उचललेलाच होता, तो काही परत खाली जाईना. पंधरा-वीस वर्षं रस्त्याच्या कडेला कुणी हात केला की थांबायचं, हे तुमच्या पायाला ठाऊक होतं, ते अंगठ्यालाही लागू झालं. मग तुम्ही मला विचारलंत, "सगळी एकाच बाजूनं चाललीत? समोरनं कोनच येत नाय? मंग एवढी घाई कसली यांना?" तुम्ही आठवे आलात. त्यानंतर दर वेळी आठवेच आलात, आणि दर वेळी तेवढ्याच समाधानाने यंत्र माझ्या हातात परत दिलंत.

ऑफिसात ही गोष्ट सांगताना मी "आमच्या गावात एक जीपवाले होते" अशी सुरुवात करते. "माझे वडील" असं म्हणत नाही. का म्हणत नाही, ते मला नीट माहीत आहे, आणि त्याची लाजही वाटते.

तुमच्या स्टँडवरचा नंबराचा रिवाज मला तेव्हा कळत होता, पटत नव्हता. कशेळ्याला जीपा नंबराने लागायच्या. पहिल्या नंबराची भरली की ती सुटायची, मग दुसरी भरायला घ्यायची. वाटेत कुणी मागच्याने पुढच्याला ओलांडून रस्त्यावर उभी असलेली माणसं उचलली, तर त्याच्याशी संध्याकाळी स्टँडवर कुणी चहा प्यायचं नाही. तरी चार-दोन जण ओलांडायचेच. तुम्ही मात्र कधीच नाही. नववीत असताना माझी कर्जतला कसलीशी परीक्षा होती. मी तुमच्याच जीपमध्ये पुढे बसले होते आणि आपल्या पुढची जीप रांगत चालली होती. दर फर्लांगाला थांबायची, म्हाताऱ्यांची बोचकी वर चढवायची, वाडीवरून उतरून आलेल्या बायांच्या पाट्या टपावर ठेवून घ्यायची. रस्ता मोकळा होता. मी म्हटलं, "दादा, काढा ना पुढं." तुम्ही म्हणालात, "त्याचा नंबर हाय. त्याच्या पुढं गेलो तं वाटंवरची शीटा मला भेटतील, त्याची जीप रिकामी राहील. कुनाच्या पोटावर पाय द्यायचा नाय." मी दहा मिनिटं उशिरा पोचले. बाईंनी सगळ्या वर्गासमोर मला उभं केलं, आणि त्या दहा मिनिटांत मी तुमच्यावर जेवढी चिडले तेवढी आयुष्यात कुणावर चिडले नसेन. नाकावर राग हे माझं लहानपणापासूनचंच. आई म्हणायची, हिच्या नाकावर माशीदेखील हिला विचारून बसते.

खेळात घाटाची एक शर्यत होती. डोंगर चढून जायचं, वर एक बोगदा आणि मग उतरणीला एकामागून एक वळणं. बाकी सगळ्या शर्यतींत मी पहिली यायची, पण घाटात दुसऱ्या नंबराच्या वर कधी गेले नाही. शेवटच्या वळणाला माझी गाडी कठड्यावर आदळायचीच. मला वाटायचं, तुमच्यासारखा रोज घाट-वळणं करणारा माणूस घरात आहे, त्याने मनावर घेतलं तर काय होईल. मला शिकवेल, नाहीतर मला हरवेल तरी. मला कुणीतरी हरवायला हवं होतं हे आज कळतं. तेव्हा एवढंच कळायचं की तुम्ही अस्वल घेऊन सगळ्यांच्या मागे डाव्या बाजूने चालला आहात आणि मला ते बघवत नाही. एका संध्याकाळी तुम्ही पुन्हा आठवे आलात, यंत्र माझ्यापुढे धरलंत आणि मी बोलून गेले, "तुमाला पुढं जायचंच नसतं कधी. म्हनून तं जन्मभर त्याच जीपवर बसलायत."

आई उंबऱ्यापाशी तांदूळ निवडत होती. "तोंड आवर गं," ती म्हणाली, आणि तिचा हात सुपातच थांबला. तुम्ही रागावला असतात तर बरं झालं असतं. एक थप्पड मारली असतीत तर मी रडून मोकळी झाले असते. तुम्ही म्हणालात, "खोटं नाय बोलली ती," आणि माझे पाय ओलांडून बाहेर गेलात. जीपच्या मागच्या चाकाला दोन-तीन लाथा घालून हवा बघितलीत. बराच वेळ बघितलीत.

त्यानंतर महिना-दीड महिना तुम्ही खेळाला हात लावला नाही, असं मला वाटत होतं. मग तो रविवार आला. आई शेजारच्या गावात हळदीला गेली होती. दुपारचं जेवण होऊन तुम्ही बनियनवर बसला होतात, मी दाराला टेकून घाटाची शर्यत खेळत होते आणि तिसऱ्यांदा कठड्यावर आदळले होते. तुम्ही म्हणालात, "आन तं इकडं." माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसलात, अस्वल घेतलंत, घाट घेतलात. मी मनात म्हटलं, चला, आता परत वरात निघाली.

निघालात तेव्हा आठवेच होतात. चढणीला सहावे झालात. मला वाटलं, चुकून झालं असेल. पण तुम्ही प्रत्येक गाडीच्या मागे थोडा वेळ राहत होतात, ती वळणाला बाहेर फेकली जायची आणि तुम्ही आतून निघायचात. निघताना तोंडाने पुटपुटत होतात, "चल बाबा, जाऊ दे मला जरा." एकेकाची परवानगी काढून पुढे जात होतात. तेल सांडलं नाहीत. कुंपणापाशी लोक हात हलवत होते, तुमचा अंगठा तिथे किंचित सैल झाला आणि परत घट्ट झाला, तो मी डोळ्यांनी पाहिला. दुसऱ्या फेरीला तिसरे. बोगद्यातून बाहेर आलात तेव्हा दुसरे. शेवटच्या फेरीच्या उतरणीला तुमच्या पुढे कुणीच नव्हतं, नुसता रस्ता होता. तुमच्या कपाळावर घाम आला होता. पडद्यावरची नजर न काढता तुम्ही म्हणालात, "बघतीस ना गं?"

बघत होते. शेवटचं वळण येत होतं. मी शंभर वेळा आदळले होते ते वळण. आणि तुम्ही त्याच्या आधीच वेग उतरवलात, रोज उतरवता तसा, आणि गाडी आतल्या बाजूला धरलीत. तुम्ही आदळणार नाही हे मला दिसलं. माझा हात वर गेला. बोर्ड माझ्या खांद्याला लागूनच होता. मी बटण बंद केलं.

पडदा काळा झाला. तुम्ही दोन-तीनदा बटणं दाबून पाहिलीत. मी म्हटलं, "लाइट गेली."

दादा, पंखा फिरत होता. आपला तो जुना पंखा दर फेऱ्याला टक टक वाजायचा, तो डोक्यावर वाजत होता. तुम्ही मान वर करून त्याच्याकडे बघितलंत. मग माझ्याकडे बघितलंत. फार वेळ नाही, रस्त्यावर कुणी चेहरा ओळखीचा वाटला तर बघतो तेवढाच वेळ. माझे कान तापले होते, आणि आता तुम्ही बोलणार म्हणून मी दातावर दात धरून बसले होते. तुम्ही म्हणालात, "गेली काय? जाऊ दे." वायर काढलीत, चार बोटांभोवती नीट गुंडाळलीत, यंत्रावर ठेवलीत आणि यंत्र माझ्या मांडीवर. मग उठून जीप धुवायला गेलात. बाहेरून बादलीचा आवाज येत राहिला आणि आत पंखा वाजत राहिला.

मी खूपदा स्वतःला विचारलं आहे की मी ते का केलं. तुम्ही माझ्या पुढे जाल याची मला असूया वाटली, हे तर आहेच, ते नाकारत नाही. पण त्याहून वाईट काहीतरी होतं. तुम्हाला पुढे जाता येत नाही असं मी धरून चालले होते, आणि त्यावर माझा सगळा राग उभा होता. त्या उतरणीला मला दिसलं की तुम्हाला जाता येतं. म्हणजे इतकी वर्षं तुम्ही जात नव्हतात ते आपल्या मर्जीने. मग मी जे बोलले होते ते साफ चुकीचं ठरत होतं, आणि चौदा वर्षांच्या पोरीला चुकीचं ठरण्यापेक्षा बटण दाबणं सोपं वाटलं.

पुढच्या महिन्यात मी घाटात पहिली आले. शेवटच्या वळणाआधी वेग उतरवला आणि गाडी आत धरली, तुमचं बघून. संध्याकाळी तुम्ही आल्यावर मी निर्लज्जपणे सांगितलंही, "दादा, घाटात पयली आले." तुम्ही "शाब्बास" म्हणालात. खोटं खोटं नाही, तुमचे डोळे हसले होते. दुसऱ्या दिवशी वाडीवरच्या एका म्हातारीकडून पानाचा द्रोण भरून करवंदं आणलीत आणि आईला म्हणालात, "पोरगी पयली आलीय." आईला वाटलं, शाळेत. मी ती करवंदं खाल्ली. आंबट होती, तरी सगळी खाल्ली. तुम्ही मात्र त्या खेळाला परत कधी हात लावला नाहीत. मी आग्रह केला नाही.

मग वर्षं गेली, जशी जातात तशी. मी पुण्याला शिकायला गेले. तिथेच एका दुपारी फोन आला. कर्जतच्या अलीकडे तुमच्या छातीत दुखायला लागलं, तुम्ही जीप डावीकडे घेतलीत, माणसं उतरवलीत, मागून येणाऱ्या जीपला हात केलात आणि त्याला म्हणालात, "ही शीटा घे, मी येतो मागनं." त्या ड्रायव्हरने स्वतः मला हे सांगितलं, मी घरी पोचताच, रडत. तुम्हीच त्याच्या गाडीत बसायचं सोडून माणसं बसवलीत. तोवर तुम्ही गेला होतात. मी तिथेही चिडलेच होते, तुमच्यावरच. सगळ्यांना पुढे धाडायची ही कसली सवय, असं मनात म्हणत मी तुमच्या पायांशी बसले होते.

आता मी खालापूरच्या एका कंपनीत तपासणी विभागात काम करते. कर्जतच्या भिसेगावात घर घेतलं, आई आमच्याकडेच असते. रोज सकाळी चौक गावावरून गाडी काढते. गाडी मी पैसे भरून शिकले, एका अनोळखी माणसाकडून. तुम्ही शिकवणार होतात, बारावीच्या सुट्टीत, मग पुढच्या सुट्टीत. तुमच्या शेजारी बसून तुमच्याकडून दोन शिव्या खात क्लच सोडायला शिकायचं होतं मला. पावसाळ्यात काच धुरकटली की मी अजून डाव्या हाताने पिवळं फडकं चाचपते. माझ्या गाडीत तसलं फडकं कधी नव्हतंच. दादा, तुमची फार आठवण येते. बारा वर्षांनी कमी व्हायला हवी होती, ती वाढते आहे. तुम्ही पुढे असावंत, डाव्या बाजूने सावकाश चालत असावंत, आणि मी मागे अडकून पडलेली असावी, असं रोज एकदा तरी वाटतं. मी हॉर्नसुद्धा वाजवणार नाही.

पण हे पत्र मी नातीमुळे लिहायला घेतलं नाही, आईमुळे घेतलं. परवा नात चिवडा घेऊन परत आली आणि खेळायला बसली, तेव्हा आई चष्मा लावून जवळ आली. पडद्याकडे बघून म्हणाली, "अगं, ह्यो तं तुझ्या दादाचा खेळ."

"दादांचा कुठला? माझा होता," मी म्हटलं.

"तुझा कसला? तू शाळंत जायाचीस. तो दुपारचा यायाचा जेवायला न् खेळ घेऊन बसायाचा. भात निवून जायाचा, मी कावायची. रविवार सोडून बाराला लाइट जायाची ना, म्हनून आपला नंबर मागच्याला देऊन अकरालाच घरी यायाचा. रोज. मी म्हनलं, याड लागलंय काय तुमाला? तं म्हनायचा, पोरीला एकदा दाखवतो, मंग नाय खेळायचा."

आपला नंबर मागच्याला देणारे तुम्ही. लाइट असेपर्यंत भात बाजूला सारून, दाराला टेकून, पाय उंबऱ्याकडे करून, एकटे, त्या अस्वलाला घाट चढवणारे तुम्ही. महिना-दीड महिना. मला वाटत होतं तुम्ही खेळाला हात लावला नाही.

आई पुढे बोलतच होती. "न् मंग ती हळद होती बघ, त्या रविवारी. मी घरी आली तं मला म्हनाला, आज पयला येत व्हतो, पन लाइट गेली. आमच्या हळदीत तं माईक चालू व्हता दिवसभर. मी म्हनलं, तुमच्यापुरती बरी गेली लाइट. लय चिडवलं मी त्याला, फेकाड्या म्हनून. वरीसभर चिडवत होती. तो नुसता हसायचा." मग तिने चष्मा काढून पदराने पुसला आणि मला विचारलं, "तू व्हतीस ना घरी? खरंच येत व्हता काय गं पयला? का उगा मला सांगायचा?"

तुमच्यावर आयुष्यात एकच खोटेपणाचा शिक्का बसला, तोही माझ्यामुळे, आणि तो तुम्ही हसत घेऊन गेलात. तो पुसायला मला फक्त "हो" म्हणायचं होतं. आई वाट बघत होती. नात खेळ थांबवून माझ्याकडे बघत होती. मी चौदा वर्षांची नाही, चांगली तेहेतीस वर्षांची बाई आहे, कंपनीत दहा माणसं माझ्या हाताखाली आहेत, त्यांनी चूक लपवली तर मी त्यांना फाडून खाते.

मी म्हटलं, "आठवत नाही गं, किती वर्षं झाली त्याला."

आई म्हणाली, "असंल बाबा," आणि चष्मा डब्यात ठेवला.

म्हणून तुम्हाला सांगते, कारण तुमच्याजवळ मला धीर होतो. तुम्ही शेवटचं वळण घेतलं होतंत, आत धरून, बरोबर घेतलं होतंत. पुढे कुणी नव्हतं. तुम्ही पहिले होतात, दादा.

आज रविवार आहे. आई बाहेरच्या खोलीत शेंगा सोलत बसली आहे आणि मी आत हे लिहिते आहे, दार लोटून. मघाशी तिने दोनदा विचारलं, काय लिहितेस गं एवढं, तर कंपनीचं काम आहे म्हणाले. हे पत्र मी घरात ठेवणार नाही, ऑफिसच्या बॅगेत आतल्या कप्प्यात ठेवीन. आई अक्षर अक्षर लावून वाचते, पण वाचते, आणि तिने हे वाचावं एवढा धीर मला अजून झालेला नाही.